तिसऱ्या शिफ्टचं घर आणि अनूचा आवाज

"हिच्या स्वरयंत्राला काहीही झालेलं नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. आला राग. बावीस दिवस माझी तेरा वर्षांची पोरगी कुजबुजत होती, आणि या म्हणतात काही झालेलं नाही.

अनूच्या नाकातून एक बारीक कॅमेरा आत घातला होता. त्याला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. घशात जिथून आवाज निघतो ती जागा समोरच्या टीव्हीवर दिसते. ओल्या, पांढऱ्या अशा दोन पट्ट्या. डॉक्टर म्हणाल्या, "ई म्हण." पट्ट्या जवळ आल्या आणि चिकटायच्या आधीच थांबल्या. नुसती हवा आली. मग म्हणाल्या, "आता खोक." अनू खोकली. चांगला खणखणीत खोकला.

"ऐकलंत? खोकल्याला आवाज आहे. म्हणजे यंत्र चालू आहे. बोलायला गेलं की ते अडतं. याला फंक्शनल अफोनिया म्हणतात."

अफोनिया म्हणजे आवाज जाणं. फंक्शनल म्हणजे अवयव धड आहे, पण त्याचं काम बंद पडलंय. मोठी भीती, मोठा धक्का, असं काहीतरी माणसाच्या आत बसतं आणि आवाजाची वाट अडवतं. हे मला नंतर नीट समजलं. त्या वेळी मी काय विचारावं? "म्हणजे नाटक करूलाली का ही?" पोरगी समोर बसलेली असताना विचारलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी वाटतं.

डॉक्टर बाई चिडल्या नाहीत. "नाटक करणाऱ्याला ते थांबवता येतं. हिला येत नाही. आवाज परत येईल, बहुतेकांचा येतो. पण का गेला ते तुम्ही शोधा. ते माझ्या कॅमेऱ्यात दिसत नाही."

मी काही लिहिणारी बाई नाही. साड्यांना फॉल-पिको करते आणि बोलते भरपूर. आमच्या गावाकडं, औशाला, म्हणतात, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत. मी त्या हुलगेवाल्यांतली. पण ज्यांच्या घरात शिफ्टवाला माणूस आहे आणि शाळेत जाणारं लेकरू आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून बसले लिहायला.

आम्ही आकुर्डीत राहतो. एक खोली आणि एक किचन. आमचे हे चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर आहेत. दोन वर्षांपूर्वी परमनंट झाले, तेव्हा मी आणि अनू गावाकडून इकडं आलो. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट आणि सेकंड शिफ्टचं काही नाही, माणूस माणसासारखा झोपतो. तिसरी, म्हणजे रात्रपाळी, आली की आमचं अख्खं घर बदलतं.

हे सकाळी आठला येतात, नऊला झोपतात. त्याआधी माझा कुकर झालेला असतो, कारण नंतर शिट्टी वाजवायची नाही. बेलची वायर काढून ठेवते. बादलीत फडकं टाकून त्यावर बारीक नळ सोडते, म्हणजे पाण्याचा आवाज होत नाही. शिलाई मशीन बंद, हातशिलाई चालू. खिडकीला जाड तपकिरी चादर, तिच्यातून ऊन गाळून आत येतं आणि भिंती चहाच्या रंगाच्या होतात. पंखा फिरतो. घड्याळ आहे, पण त्या उजेडात अकरा काय आणि तीन काय, सारखेच. आपण जागे आहोत की ह्यांच्या झोपेत शिरलोय, असं वाटायला लागतं. आमच्या बिल्डिंगमध्ये दर मजल्यावर कोणी ना कोणी तिसऱ्या शिफ्टला असतंच. त्यामुळे जिन्यातसुद्धा बाया हातवारे करून भाजीचा भाव विचारतात.

हसू येईल तुम्हाला. मलाही यायचं. पण ह्यांच्या शेजारच्या प्रेसवरच्या एका माणसाची दोन बोटं गेली ती झोप न झाल्यामुळे. तेव्हापासून मी ह्यांची झोप दुधावरच्या सायीसारखी जपायला लागले. अनू त्यात तयार झाली होती. दार उघडायची तीसुद्धा कडी दोन बोटांनी धरून. मला कौतुक वाटायचं, चारचौघींत सांगायचे, माझी पोरगी किती शहाणी.

आता तुम्हीच बघा. अशा घरात एका पोरीचा आवाज गेला तर कळणार कसा?

नाहीच कळला. बुधवारी गेला होता आणि मला रविवारी समजलं. चार दिवस आम्ही कुजबुजतच बोलत होतो, हे उठल्यावरसुद्धा, सवयीनं. रविवारी ह्यांची सुट्टी, चादर काढलेली, मशीन चालू, मी मोठ्यानं हाक मारली, "अनू, चहा ठेव गं." ती आतून काहीतरी कुजबुजली. मी म्हटलं, "अगं, आज बोल की मोठ्यानं, पप्पा जागेत." ती दारात आली आणि तोंड उघडून उभी राहिली. ओठ हलत होते. हवा येत होती.

मग सगळे उपाय झाले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध. गल्लीतल्या डॉक्टरांनी घशाला सूज आहे म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, मग आणखी पाच दिवसांच्या. शेजारणीनं नजर काढली. शाळेला मी चिठ्ठी पाठवली, घसा बसलाय. अनू शाळेत जातच होती. आवाज गेलेली पोरगी मी रोज डबा भरून तिकडंच पाठवत होते.

एक गोष्ट दिसली होती, पण मी बघितली नाही. तिची पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची. डबा संपलेला, बाटली तश्शीच. मी ओरडायचे, कुजबुजत ओरडायचे, "पाणी पीत जा, किडनी खराब होईल." आणि मानेवर एक लाल वळ होता. घामानं आयकार्डची रिबन घासली असेल म्हणून मी तिथं पावडर लावली. दोन दिवस लावली.

डॉक्टर बाईंनी स्पीच थेरपिस्टकडं पाठवलं, आवाजाचा व्यायाम घेणाऱ्या ताईंकडं. आठवड्यातून दोनदा. त्यांच्या दवाखान्याची वेटिंग रूम मला अजून आठवते. बाहेर हायवेवरचे ट्रक, आत एसीची घरघर, आणि बसलेले लोक: बोबडं बोलणारं बाळ, लकवा झालेले काका, आम्ही दोघी. मी एकटी बोलत होते, बाकी सगळे शब्दांची वाट बघत बसलेले. एकदा मलाच माझी लाज वाटली आणि मी गप्प झाले.

ताई अनूला तोंडात पाणी घेऊन आवाजाच्या गुळण्या करायला लावायच्या. जांभई द्यायला लावायच्या. कानाला हेडफोन लावून त्यात मोठा खर्र आवाज सोडायच्या आणि पुस्तक वाच म्हणायच्या. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की घसा कधीकधी विसरून बोलून जातो. चौथ्या दिवशी हुंकार आला. ओठ मिटून "म्". मी रडले. मग "मा" आलं. शब्द म्हण म्हटलं की परत हवा.

ताई मला म्हणाल्या, "घरी हिला मोठ्यानं सराव करायला मोकळीक आहे ना?"

"आहे की," मी म्हटलं. धडधडीत खोटं. त्या आठवड्यात परत तिसरी शिफ्ट होती.

त्याच आठवड्यातली एक दुपार. तारीख आठवत नाही, कुठलाच तपशील नाही त्या दिवसाला. तपकिरी उजेड, ह्यांचं घोरणं, माझ्या मांडीवर एक जांभळी साडी, आणि सुई हातात असताना माझाही डोळा लागला. मी गावाकडं होते. विहिरीकडून अनू येत होती आणि बोलत होती, लहानपणी बोलायची तशी, न थांबता. किती गोड वाटलं म्हणून सांगू. मग मला जाणवलं की मी जागी आहे. समोर चटईवर अनू झोपली होती, आणि बोलत होती. तिच्या आवाजात. खऱ्या, भरलेल्या आवाजात.

मी हललेसुद्धा नाही. श्वास धरून ऐकत बसले. आवाज ऐकू येत होता, तेवढंच पुरेसं होतं, शब्दांकडं माझं लक्षच नव्हतं. हसत होते मी. थोड्या वेळानं शब्द कानात शिरले.

"सोडा की गं. बोलूलाले की मी. बोलूलाले. सोडा."

रात्री हे कामावर गेले, आणि मी अनूसमोर वही ठेवली. म्हटलं, "झोपेत बोललीस तू. कोण सोडत नव्हतं?" तिनं पेन घेतलं, ठेवलं, परत घेतलं. मग लिहायला लागली आणि पाच पानं लिहिली.

सुरुवात वर्गात झाली होती. बाईंनी विचारलं, कुठं निघालीस? ही म्हणाली, पाणी प्यायला जाऊलाले बाई. आमच्याकडं सगळे असंच बोलतात, जातेयला जाऊलाले. वर्ग हसला. बाईपण हसल्या. त्या दिवसापासून हिचं नाव पडलं, लाले. तेवढ्यावर थांबलं असतं तर पोरं पोरांना चिडवतात म्हणून सोडून दिलं असतं मी. पण वर्गातल्या चौघी तिला मुलींच्या टॉयलेटमध्ये अडवायला लागल्या. दार लावायच्या, कोणीतरी चोरून आणलेला मोबाइल धरायच्या आणि म्हणायच्या, लाले, एक वाक्य बोल, मग जा. ही बोलायची. ते व्हिडिओ वर्गात फिरायचे. टॉयलेटला जायला लागू नये म्हणून हिनं पाणी प्यायचं सोडलं.

त्या बुधवारी हिनं ठरवलं, बोलायचंच नाही. मग त्यांच्यातल्या एकीनं मागून आयकार्डची रिबन पिळली. बघू किती वेळ बोलत नाहीस, म्हणाली. अनूनं लिहिलं होतं, "मला काळं दिसलं. मग बेल झाली. त्या गेल्या."

मी पावडर लावली होती तिथं. देवा.

सगळं वाचून झाल्यावर मी एकच विचारलं. "मला का नाही सांगितलंस? आई आहे ना मी तुझी?" तिनं माझ्याकडं बघितलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि वही दप्तरात ठेवली. त्या न दिलेल्या उत्तरानं मला आठवडाभर जेवण गेलं नाही. माझ्याशी गावातल्या परक्या बायका मनातलं बोलतात, आणि माझी पोरगी बोलत नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार, पण काय, ते डोक्यात येईना.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं शाळेत गेलो. ह्यांची सेकंड शिफ्ट होती, शाळेतून परस्पर कंपनीच्या बसला जाणार होते. मुख्याध्यापिका बाईंनी पाणी दिलं, वहीतली पानं वाचली, चष्मा काढला. वाईट बाई नव्हत्या त्या. नीट बोलल्या.

"हे बघा, चेष्टा झाली असेल, ती मी नाकारत नाही. पण गळा आवळणं म्हणजे फार गंभीर आरोप आहे. चौघी नाही म्हणतात. मोबाइलमध्ये काही सापडलं नाही. आणि मला सांगा, इतकं मोठं घडलं असतं तर मुलीनं त्याच दिवशी घरी सांगितलं नसतं का? आई तर घरीच असते."

हे माझ्याकडं बघायला लागले. आता ही सुरू होणार, असं त्यांना वाटलं असणार. आणि मला एक शब्द सुचला नाही. कारण बाईंचा प्रश्न तोच होता, जो मी विचारला होता.

"सांगितलं होतं."

कोण बोललं ते पहिल्यांदा कळलंच नाही. घोगरा, फाटलेला आवाज. बरेच दिवस बंद असलेलं दार उघडावं तसा. मी वळून बघितलं. अनू खुर्चीच्या कडेला धरून बसली होती आणि टेबलाकडं बघत बोलत होती.

"सांगितलं होतं मी. त्याच दिवशी. दारातूनच सांगूलाले होते. आईनं तोंडावर हात ठेवला."

मला तो बुधवार डोळ्यांसमोर आला. हे ओव्हरटाइम करून दुपारी बाराला घरी आले होते, नुकते झोपले होते. एक वाजता दार धाडकन उघडलं, दप्तर पडलं, आणि अनू रडत "आई" म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. मी सुई टाकून धावले आणि तिच्या तोंडावर माझा हात दाबला. घट्ट दाबला. "शूऽ, पप्पा," म्हटलं. डोळ्यांनी दटावलं. ती माझ्या हाताखाली अजून काहीतरी बोलत होती, तळव्याला ओठ लागत होते. मी म्हटलं, नंतर. मग गिऱ्हाईक आलं, साडी द्यायची होती. नंतर मी विचारलंच नाही. पेपरात मार्क कमी पडले असतील, म्हणून विसरून गेले. सकाळी एकीनं गळा दाबला होता, दुपारी मी तोंड.

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "खरं आहे का हे?"

मला आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. ह्यांच्यासमोर, बाईंसमोर, अनूसमोर माझी अब्रू वाचली असती. पण मग माझी पोरगी खोटी ठरली असती.

"खरं आहे," मी म्हटलं. "आली होती ती, रडत. मानेवर वळ होता, मीच त्याला पावडर लावली. मीच गप्प केलं तिला. तुम्ही हे लिहून घ्या, माझ्या नावानं लिहा."

त्यांनी कागद ओढला. बाहेर आल्यावर हे अनूसमोर गुडघ्यावर बसले, शाळेच्या गेटात, सगळी पोरं जाता-येताना. "मला उठवायचं असतं गं," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत बस पकडायला गेले.

या गोष्टीला आता सहा महिने होऊन गेले. त्या कागदावरून शाळेनं चौघींच्या घरच्यांना बोलावलं. तिघींच्या घरच्यांनी येऊन माफी मागितली. चौथीच्यांनी नाही मागितली, तिला त्यांनी दुसऱ्या शाळेत घातलं. शाळेनं टॉयलेटबाहेर मावशी बसवल्या. अनूचा आवाज पूर्ण आलाय, पण कोणी मागून अचानक जवळ आलं की अजून घसा धरतो. ताई म्हणतात, वेळ लागेल, येत राहा. आम्ही जातो. त्या ताईंचे आणि डॉक्टर बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मी नाटक म्हटलं तेव्हा माझ्या पोरीची बाजू घेणाऱ्या पहिल्या त्या डॉक्टर बाईच.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. डब्यापेक्षा बाटली बघा. मानेवर, दंडावर काही दिसलं तर पावडर लावायच्या आधी विचारा. आवाज न येणारं लेकरू नाटक करतंय असं कोणी म्हटलं, तर त्याला माझ्याकडं पाठवा. आणि घरात झोपलेला माणूस उठला तर उठू द्या. परत झोपतो तो. आमचे हे झोपतात आता कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्येसुद्धा, कुरकुर करतात आणि कूस बदलतात.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. शाळेतून निघालो ते आम्ही दोघी शाळेजवळच, चिंचवडला, निगडीच्या बसमध्ये बसलो. दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी, खिडकीतून कंपन्यांच्या भिंती आणि झाडं सरकत होती. अनू म्हणाली, "सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून वाईट वाटलं का तुला?"

माझ्या ओठांवर आलं होतं, नाही गं बाळा. पण म्हटलं, "वाटलं."

"मला पण वाटलं होतं," ती म्हणाली. "तू हात ठेवलास तेव्हा. त्यांच्यापेक्षा जास्त."

मी मान हलवली. माझी बाजू सांगायला सुरुवात केली असती तर शिफ्ट, बोटं गेलेला माणूस, ओव्हरटाइम, सगळं होतं माझ्याजवळ. नाही सांगितलं. मग ती बोलायला लागली. घोगरं, अडखळत, आमच्या औशाच्या बोलीत. त्या चौघींचं, वर्गातल्या बाईंचं, एका मैत्रिणीचं जी हसत नव्हती, कुठल्याशा कुत्र्याचं, कशाचंही. आमचा आकुर्डीचा स्टॉप आला आणि गेला. मला दिसला होता. मी उठले नाही.

निगडीला बस थांबली, सगळे उतरले, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कंडक्टर पाठीमागून आला, "ताई, शेवटचा स्टॉप आहे, उतरा की."

मी त्याला हात जोडून म्हटलं, "दादा, दोन मिनिटं थांबा. ती बोलूलाली हाय."